'आदण' लघुपट: प्रकल्प नोंदी

24 नोव्हेंबर

विषय एकदाचा ठरला. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आठ मिनिटांपर्यंतचा लघुपट करायचा आहे, तोही खऱ्या जागेत जाऊन, आणि सोबत तारीखवार नोंदवही जोडायची आहे. नियोजन आणि कंटिन्युइटी (एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ राखणं) माझ्याकडे असल्यामुळे वहीही माझ्याकडेच आली. आमच्या गटात पाच जण: दिग्दर्शक, कॅमेरामन, आवाज सांभाळणारी मैत्रीण, संकलक आणि मी.

रंकाळ्यावरची भेळगाडी आणि एसटीचा कंडक्टर हे दोन विषय आधीच बाद झाले होते. भेळ गेल्या वर्षीच्या गटाने केली आहे, आणि धावत्या गाडीत शूटिंगची परवानगी मिळायला किती दिवस लागतील कुणास ठाऊक. मग मी माझ्या आजोळचं गुऱ्हाळ सुचवलं. हंगाम सुरू झालाय, गाव भोगावतीच्या काठाला आहे, आणि गुऱ्हाळाचे मालक माझ्या मामांच्या ओळखीचे आहेत.

गोष्ट दिग्दर्शकाने चहाच्या टपरीवरच सांगितली. गुळव्याची (गूळ शिजवणाऱ्या कारागिराची) मुलगी भाकरी घेऊन गुऱ्हाळात येते. तिला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळालाय आणि उद्या फी भरायची आहे. पण बाप काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवर, उभा आहे. आदण, म्हणजे काहिलीतली रसाची एक खेप, उतरेपर्यंत त्याच्याशी बोलता येत नाही, म्हणून ती थांबते. एवढीच गोष्ट. मला ती ऐकताक्षणी आवडली, कारण लहानपणी मी स्वतः तिथे अशी थांबलेली आहे.

27 नोव्हेंबर

जागा बघायला गेलो. रंकाळा स्टँडवरून सकाळची एसटी. थंडी बरी होती. गुऱ्हाळाचा धूर नि तो गोड करपट वास फाट्यापासूनच यायला लागतो.

आमच्यातल्या दोघांनी गुऱ्हाळ पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून इथे क्रम लिहून ठेवते. ऊस घाण्यातून जातो, रस गाळून काहिलीत येतो. खाली चुलवाण, म्हणजे भट्टी, त्यात वाळलेली चिपाडं सतत सारणारा जळव्या. रस तापायला लागला की भेंडीचा चिकट रस घालतात, त्याबरोबर मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. चुनाही अंदाजाने पडतो. पुढे उकळ्या फुटतात, फेस काठाला येतो, तेव्हा चार थेंब गोडेतेल टाकलं की तो खाली बसतो. मग रस आटत आटत रंग बदलतो, बुडबुडे जड होतात. उतरवायच्या वेळी पाक 118 अंशांच्या आसपास असतो असं पुस्तकात वाचलं होतं. इथे थर्मामीटर कुठेच दिसला नाही. भरल्यापासून उतरवेपर्यंत एका आदणाला अडीच ते तीन तास, आणि एक टन उसामागे साधारण शंभर किलो गूळ.

गुळव्या मामा (गावात त्यांना सगळे मामाच म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचं ठरवलं) या कामात चाळीस वर्षं आहेत. शेवटच्या टप्प्यावर त्यांनी काय केलं ते मी अगदी शेजारी उभी राहून पाहिलं. झाऱ्यावरचा थोडा पाक गार पाण्याच्या तांब्यात सोडला. बोटांनी पाण्यातच गोळा केला, तळव्यावर वळून बोराएवढी गोळी केली. शेजारी पत्र्याचं घमेलं पालथं पडलेलं होतं. गोळी त्याच्यावर टाकली आणि मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा पाक, पुन्हा गोळी. असं तीनदा. तिसऱ्या गोळीला जळव्याकडे न बघताच म्हणाले, "वढा जाळ." आणि पुढच्याच दमाला, "उतरा!"

चौघांनी काहिल ओढून वाफ्यावर, म्हणजे पाक गार करायच्या पसरट जागेवर, कलती केली. सोनेरी पाक धाडकन पसरला.

मी विचारलं, "मामा, आधीच्या दोन गोळ्यांत आणि ह्या गोळीत फरक काय?"

"आवाज."

"घाणा तर चालू आहे. एवढ्या आवाजात ऐकू येतो?"

"तुमास्नी येत न्हाई व्हय?"

परतीच्या गाडीत आवाजवाली गप्प गप्प होती. स्टँडवर उतरताना म्हणाली की आपला शेवटचा प्रसंग मुलीच्या चेहऱ्यावर नाही, त्या गोळीवर आहे.

30 नोव्हेंबर

पटकथेचा दुसरा खर्डा. नऊ पानांचा होता, पाचवर आणला. संवाद आता मोजून चौदा ओळींचे.

मुलीचं काम करणारी आमची ज्युनिअर करवीर तालुक्यातलीच आहे. वाचनाच्या वेळी ती पुन्हा पुन्हा "मी जातो, बाबा" असं म्हणत होती आणि दिग्दर्शक, जो नाशिकचा आहे, दर वेळी तिला थांबवून "जाते" म्हणायला लावत होता. शेवटी मीच मधे पडले. कोल्हापुराकडे बाया-पोरी 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात, माझी आजीही तसंच बोलायची. ही चूक नाही, ती इथली भाषा आहे. त्या पोरीच्या तोंडचं 'जातो' काढून घेतलं तर ती त्या गुऱ्हाळातली राहतच नाही. दिग्दर्शकाने तिच्याकडून दोन्ही ऐकलं आणि चौदाच्या चौदा ओळी तिच्या बोलीत पुन्हा लिहायला तिलाच दिल्या. बापाची ओळ तर पार बदलली. आधी होतं, 'जा, शीक.' आता आहे, 'फी किती म्हनलीस?'

स्टोरीबोर्डला आज हात घातला. आमच्यात कुणालाच धड चित्र काढता येत नाही, तेव्हा काडीची माणसं आणि बाण. सरांनी कोल्हापूरचे जुन्या काळचे चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांची आठवण काढली. पात्रांचे पोशाख, हालचाली ते आधी रेखाटून मग नटांना समजावत. त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव 1916 मध्ये गेले तेव्हा दोघांनी मिळून घडवायला घेतलेला कॅमेरा अर्धाच होता. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने तो 1918 पर्यंत पुरा केला, आणि त्यावर कोल्हापुरात चित्रपट निघाले. खरी कॉर्नरवरून मी रोज कॉलेजला जाते. तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ आज थांबून नीट पाहिला.

4 डिसेंबर

शॉट डिव्हिजन झालं, एकूण 31 शॉट्स. मी दोन दिवसांचं वेळापत्रक केलं. सकाळी 7 ते 8 पहिले चार शॉट्स, 8 ते 9 पुढचे तीन, अशा चौकटी आखल्या, रंग भरले, सगळ्यांना पाठवलं. मॅडमनी कागद बघून एकच प्रश्न विचारला, "यात काहिल कधी तापते?"

मला उत्तर देता आलं नाही. मी कॅमेऱ्याचा दिवस आखला होता. आदणाचा दिवस आखायलाच नव्हता घेतला.

रात्री बसून सगळं पुन्हा मांडलं. डावीकडे आता घड्याळाच्या जागी आदणाच्या पायऱ्या आहेत: रस भरला, मळी आली, उकळी फुटली, फेस चढला, रंग फिरला, गोळी, उतरणं, घोटणं, बादल्या भरणं. प्रत्येक पायरीसमोर तेव्हाच घेता येतील असे शॉट्स. गोळीपासून उतरवण्यापर्यंत जेमतेम दोन-तीन मिनिटं असतात आणि आमचे सहा शॉट्स त्यातच आहेत. दिवसाला तीन आदणं धरली तर दोन दिवसांत सहा संधी. म्हणजे आदणामागे एक शॉट, राखीव काहीच नाही. मुलीचे शॉट्स मधल्या वाट बघण्याच्या वेळेत बसवले, म्हणजे ती खरोखरच वाट बघत असेल.

7 डिसेंबर

विभागातून कॅमेरा मिळाला, दोन लेन्ससह. तीन बॅटऱ्यांपैकी एक चाळीस मिनिटांतच मान टाकते. ती कॅमेरामनने लाल चिकटपट्टी लावून वेगळी ठेवली.

मालकांच्या परवानगीने संध्याकाळी गुऱ्हाळात चाचणी घेतली आणि बरं झालं घेतली. छपरातल्या ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकत होते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, आणि कॅमेरा आधीच्या कुणीतरी 1/60 शटरवर सोडलेला. सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर केल्यावर पट्टे गेले. चुलवाणाचा जाळ चौकटीत असला की बाकी सगळं काळं पडतं. त्यावर थर्मोकोलची दोन पांढरी पाटं आणि कौलांतून येणारं ऊन, एवढाच उपाय आमच्याकडे आहे. जास्तीचे दिवे लावायचे नाहीत असं ठरलं.

सुरक्षेचं पुन्हा एकदा सगळ्यांना बजावलं. सुती कपडे, पायात बूट, काहिलीपासून चार फुटांवर दोरी, दोरीच्या आत फक्त मामा आणि त्यांची माणसं. उकळता पाक अंगावर उडाला तर तो चिकटून भाजतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही.

14 डिसेंबर, शूटिंगचा पहिला दिवस

पहाटे पाचला निघालो. पोचलो तेव्हा जाळ लागलेला होता.

पहिल्या आदणात वाट बघण्याचे पाच शॉट्स छान मिळाले. मुलगी उसाच्या मोळीवर बसलेली, मांडीवर भाकरीचं फडकं, मागे वाफ. सकाळचं ऊन तिरकं येतं तेव्हा वाफ दुधासारखी पांढरी दिसते. कॅमेरामन त्या अर्ध्या तासासाठी आठवडाभर ग्रहगणित मांडत होता, ते सार्थकी लागलं.

वाफेचं एक मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ती नुसतं पाणी नसते. लेन्सवर बसली, वाळली आणि बारीक चिकट थर झाला. कोरड्या कापडाने पुसलं तर फरफटा उठतो. ओल्या फडक्याने आधी, मग कोरड्याने. पुढे फिल्टर लावलेला होता म्हणून लेन्स वाचली.

दुसऱ्या आदणाला घात झाला. माझ्या अंदाजाने गोळीला अजून दहा-बारा मिनिटं होती. दिग्दर्शकाला मुलीचा क्लोजअप हवा होता, म्हणून कॅमेरामन लेन्स बदलत होता. आज चिपाडं कडक वाळलेली, जाळ जोरात, आणि मामांचा हात तांब्यात गेला तो आमच्याकडे पाठ करूनच. "उतरा!" ऐकू आलं तेव्हा कॅमेऱ्याला लेन्सच नव्हती. दिग्दर्शक ओरडला, "मामा, एक मिनिट!"

कुणी वळूनही बघितलं नाही. बघणार तरी कसं? एका मिनिटात अख्खं आदण करपतं. त्यात कुणाच्यातरी शेतातला एक टनाहून जास्त ऊस होता.

दुपारी जेवताना दिग्दर्शक मामांजवळ जाऊन बसला आणि झाल्याबद्दल माफी मागितली. मामा म्हणाले, "आरं लेकरा, मला ऐकूच न्हाई आलं तुजं." आणि त्याच्या पानात ठेचा वाढला.

तिसऱ्या आदणाला मी माझा कागद बाजूला ठेवून जळव्याशेजारी उभी राहिले. मामा झाऱ्यावरचा पाक धारेने सोडून बघायला लागले की गोळीला वेळ थोडा उरतो, हे जळव्यानेच मला दाखवलं. ते दिसल्याबरोबर मी हात वर करायचा, की कॅमेरा चालू. मामांच्या हातांचा शॉट मिळाला. सहाला सूर्य मावळला, बाहेरचे दोन शॉट्स राहिले.

कंटिन्युइटीची एक चूक माझीच. नवव्या शॉटमध्ये मुलीच्या मागे गुळाचे 11 रवे (ढेपा) आहेत, सोळाव्यात 23. गूळ दिवसभर बनतच असतो हे लक्षात घ्यायला हवं होतं. उद्या तिला बसायची जागा बदलून मागे भिंत घ्यायची.

15 डिसेंबर, दुसरा दिवस

सगळं काल शिकल्याप्रमाणे. तिन्ही आदणांना माझा हात वेळेवर वर गेला. काहिल कलती होतानाचा शॉट दुसऱ्या आदणाला मिळाला, तो मॉनिटरवर पाहून आम्ही सगळेच काही क्षण बोललो नाही. गोळीपासून उतरवण्यापर्यंतचे सहा शॉट्स हवे होते, कालचा धरून चार झाले. दोन सोडून दिले, त्यांच्यावाचून अडत नाही.

बापलेकीचा संवाद शेवटच्या आदणानंतर घेतला. मामांना ओळ पाठ करायला दिलीच नव्हती, फक्त प्रसंग सांगितला होता. पहिल्या टेकला त्यांनी घाम पुसला, भाकरीचं फडकं सोडलं, एक घास खाल्ला आणि मगच विचारलं, "फी किती म्हनलीस?" तो घास आमच्या पटकथेत नव्हता. दुसरा टेक घेतलाच नाही.

मात्र आवाजवालीचं समाधान झालं नाही. कपड्यातला छोटा माइक मामांच्या बंडीला घासून खरखरतोय, आणि बूमवर (लांब काठीवरच्या माइकवर) घाण्याची मोटर सगळं गिळून टाकते. गोळीचा आवाज सहाही आदणांत वेगळा असा हाती लागला नाही.

मालकांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला, तेव्हा आम्ही त्यांच्याकडून पाच-पाच किलोचे दोन रवे विकत घेतले. मामांना मात्र दोन दिवसांची मजुरी दिली. तेही आधी नको म्हणत होते. मालकच म्हणाले, "घ्या की, पोरांचं काम केलंय तुमी."

16 डिसेंबर

दोन्ही कार्डं दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर उतरवली, तिसरी प्रत संकलकाच्या घरच्या संगणकावर. प्रत्येक फाइल उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, असं ठरवलंय.

22 डिसेंबर

फक्त आवाजासाठी पुन्हा गुऱ्हाळात. दोघीच गेलो. रात्रीच्या शेवटच्या आदणाला पुढचा ऊस गाळायचा नसतो, त्यामुळे घाणा बंद असतो, हे मालकांनी सांगितलं होतं.

मोटर थांबल्यावर ते गुऱ्हाळ वेगळंच वाटलं. चुलवाणाचा घुमारा, पाकाचे बुडबुडे फुटतानाचा जाड 'बदक बदक', लांबून कुत्रं. आवाजवालीने आधी दोन मिनिटं नुसता तोच आवाज घेतला. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, पातळी उणे 12 डेसिबलच्या खाली. मग मामांनी गोळ्या टाकल्या, माइक घमेल्यापासून हातभर अंतरावर. पहिली 'थप्प'. दुसरी 'टक'. तिसरी 'टण्ण', आणि त्या 'टण्ण'ला मागे एक बारीक शेपूट, पत्रा क्षणभर वाजत राहतो तशी. माझ्या कानांना पहिल्यांदाच तीन गोळ्या तीन वेगळ्या ऐकू आल्या. मी मोठ्याने हसले आणि ते रेकॉर्डिंगमध्ये आलं.

2 जानेवारी

पहिला कच्चा कट 11 मिनिटांचा होता. 7 मिनिटं 40 सेकंदांवर आणला. सुरुवातीचे उसाच्या गाड्यांचे सुंदर शॉट्स गेले. कॅमेरामनला वाईट वाटलं, पण त्यानेच आधी 'काढा' म्हटलं.

शेवटच्या प्रसंगाच्या आवाजाची रचना अशी: मामा मान तिरकी करतात त्याबरोबर घाण्याचा आवाज हळूहळू मागे सरतो, आणि तिसरी गोळी स्वच्छ ऐकू येते. चाळीस वर्षांच्या कानाला जे ऐकू येतं ते बघणाऱ्यालाही ऐकू यावं, एवढाच हेतू. आवाजवालीने त्या गोळीवर तीन रात्री घातल्या. मागचा चुलवाणाचा घुमारा सॉफ्टवेअरमधून काढून तिने आवाज काचेसारखा केला.

9 जानेवारी

लॅपटॉप घेऊन मामांना दाखवायला गेलो. मालक, जळव्या, मामांची खरी लेक, शेजारची चार पोरं, सगळे घोंगडीवर बसले. लॅपटॉपला छोटे स्पीकर जोडले होते. मुलगी 'मी जातो' म्हणाली तेव्हा कुणाला काहीच वेगळं वाटलं नाही, आणि ते बघून मला फार बरं वाटलं.

मग गोळी आली. पडद्यावरच्या मामांनी "उतरा!" म्हटलं आणि घोंगडीवरच्या मामांनी मान हलवली. नकाराची.

संपल्यावर म्हणाले, "समदं झाक झालंय. पर ती गोळी कच्ची हाय."

आम्ही सांगितलं, नाही मामा, ही तुमचीच तिसरी गोळी, त्या रात्रीची.

"माजी आसंल. पर ही ऐकून मी काहिल उतरवली असती तर रवा बसला नसता. चिकट ऱ्हायला असता."

आवाजवालीने काही न बोलता रेकॉर्डरमधली मूळ फाइल काढली, हेडफोन मामांच्या कानांवर ठेवले आणि वाजवली. मामांनी डोळे मिटले. "ही. ही पक्की." मग चित्रपटातली पुन्हा ऐकवली. "ही दुसरी."

चित्रपटातली आणि मूळ फाइलमधली गोळी एकच होती. घुमारा काढताना त्याबरोबर गोळीची ती बारीक शेपूटही कापली गेली होती. आम्हाला जो पत्र्याचा फालतू निनाद वाटला, तीच पक्क्या गोळीची खूण. आम्ही तीन रात्री खपून पक्की गोळी कच्ची करून ठेवली होती.

11 जानेवारी

मूळ ट्रॅक जसाच्या तसा लावला. चुलवाणाचा घुमारा आता मागे राहतो, आणि त्यातून 'टण्ण' येऊन पत्रा संपेपर्यंत वाजतो. ती शेपूट पुरी ऐकू यावी म्हणून संकलकाने मामांचा शॉट 14 फ्रेम लांबवला आणि "उतरा!" तेवढं पुढे गेलं. आवाजवालीने फाइल मामांच्या लेकीच्या फोनवर पाठवली. तासाभराने उलट निरोप आला, मामांच्याच आवाजात: "आता उतरा."

13 जानेवारी

अंतिम प्रत विभागात जमा केली. लांबी 7 मिनिटं 41 सेकंद. श्रेयनामावलीत 'ध्वनी'च्या ओळीत दोन नावं आहेत, आमच्या मैत्रिणीचं आणि मामांचं. लाल चिकटपट्टीची बॅटरीही परत केली आणि ती खराब असल्याचं विभागाच्या नोंदवहीत लिहिलं, पुढच्या गटाच्या कामी येईल म्हणून.